जमैकाची की जावाची? एका तणाच्या वर्णनांचं परीक्षण

पुस्तकांची आणि सिनेमांची परीक्षणं आपण सगळेच वाचतो. आज मी वनस्पतींच्या वर्णनांचं परीक्षण करणार आहे. एकच तण, आणि गेल्या पावणेतीनशे वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी केलेली त्याची वर्णनं. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण माझे सहा महिने या वर्णनांपायी गेले. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा थोडा हक्क मला आहे असं मी समजते.

आधी ते सहा महिने सांगते. माझं काम वनस्पतींमधल्या रसायनांवर आहे, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी सिक्कीममध्ये 'अभिजालो' गोळा करायला गेले होते. अभिजालो हे नेपाळी नाव. जमिनीवर पसरणारं, लुसलुशीत, गोल पानांचं तण. सर्दीनं नाक चोंदलं, सायनसनं कपाळ ठणकायला लागलं की तिथले लोक हे रोप केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर किंवा गरम राखेत धरतात आणि त्याचा वाफारा घेतात. आसामात याच रोपाला 'लाइजाबरी' म्हणतात, तिथे ते भाजी म्हणूनही खातात. शास्त्रीय नाव ड्रायमेरिया कॉर्डाटा. इंग्रजीत त्याला 'उष्णकटिबंधातलं चिकवीड' म्हणतात, म्हणजे युरोपातल्या प्रसिद्ध चिकवीडचा गरम प्रदेशातला भाऊ. हा 'भाऊ' शब्दच मला महागात पडला.

वेलदोड्याच्या मळ्याच्या कडेनं आणि घरामागच्या ओल्या बांधावरून मी दोन पिशव्या भरल्या. सावलीत वाळवलं, दळलं, मिथेनॉलमध्ये अर्क काढला, रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवला, पुढचे प्रयोग सुरू केले. प्रत्येक जागेचं एकेक रोप दाबून हर्बेरियमच्या शीटवरही चिकटवलं होतं, पण ते निव्वळ नियम म्हणून. सहा महिन्यांनी वनस्पतिशास्त्राच्या एका मॅडमना त्या शीट दाखवल्या. त्यांनी भिंग लावलं, एक शीट बाजूला ठेवली, दुसरी हातात धरून विचारलं, "हिचं उपपर्ण कुठंय गं?"

उपपर्ण म्हणजे पान खोडाला जिथे जोडलेलं असतं तिथली चिमुकली पानासारखी किंवा काट्यासारखी वाढ. त्या शीटवर ती नव्हतीच. ती शीट अभिजालोची नव्हती, चिकवीडची होती. म्हणजे स्टेलारिया मीडिया. बांधावर दोन्ही रोपं एकमेकांत गुंतून वाढली होती आणि माझी एक पिशवी मिसळीची निघाली. अर्क गेला, आकडे गेले, सहा महिने गेले.

चूक माझीच होती. पण त्यानंतर मी एक प्रश्न घेऊन बसले: मी जी वर्णनं वाचून गोळा करायला गेले होते, त्यांनी मला ही चूक करण्यापासून का वाचवलं नाही? आणि मग जुन्यापासून नव्यापर्यंत सगळी वर्णनं नीट वाचायला घेतली.

आधी रोप पाहू

परीक्षण करायचं तर मूळ वस्तू आपल्याला माहीत हवी. दोन्ही रोपं हातात घेतली आहेत असं समजा.

दोन्ही कॅरिओफायलेसी म्हणजे कार्नेशनच्या कुलातली. दोन्ही नाजूक, दोन्हींची पानं समोरासमोर जोडीनं. दोन्हींची फुलं पांढरी आणि इवलीशी, बाहेर पाच हिरवी निदलं, आत पाच पाकळ्या. प्रत्येक पाकळी इतकी खोल चिरलेली की पाचाच्या दहा वाटतात. घोटाळा इथेच होतो. फूल बघून ओळखायची आपल्याला सवय असते, आणि इथे नेमकं फूलच फसवतं.

आता फूल सोडा आणि खाली या. चिकवीडच्या खोडावर केसांची एकच ओळ असते, एका बाजूनं जाणारी, आणि ती पेऱ्यागणिक बाजू बदलते. अभिजालोच्या खोडावर अशी ओळ नसते. चिकवीडच्या पानाला मधोमध एक शीर आणि तिला फाटे. अभिजालोच्या पानात देठापासूनच तीन ते पाच शिरा पंजासारख्या पसरतात. चिकवीडला उपपर्णं नाहीत. अभिजालोला आहेत, पांढरट, केसासारखी चिरलेली, भिंगाशिवाय सहज न दिसणारी. फळ पिकलं की चिकवीडचं बोंड सहा फाकांत उघडतं, अभिजालोचं तीन. आणि अभिजालोच्या फुलांच्या देठांवर चिकट ग्रंथी असतात. त्यामुळे शेतातून आलात की ती फळं तुमच्या सलवारीला, मोज्यांना चिकटून घरी येतात. जनावरांच्या अंगाला चिकटून ती गावोगाव जातात. हे रोप जगभर का पसरलं, याचं निम्मं उत्तर या चिकटपणात आहे.

म्हणजे फरक भरपूर आहेत, आणि तेही शेतात उभं राहून पाहता येण्यासारखे. मग वर्णनांत त्यांचं काय होतं?

पहिलं वर्णन: दोन शब्दांचं

1753 मध्ये कार्ल लिनियसनं 'स्पेसीज प्लांटारम' छापलं. तिथे हे रोप होलोस्टियम कॉर्डाटम या नावानं येतं. ओळखीचं लक्षण म्हणून सांगितलंय ते एवढंच की पानं जवळजवळ हृदयाकार आहेत. राहण्याचं ठिकाण: जमैका आणि सुरिनाम. संपलं.

आज हे वाचून हसू येतं, पण लिनियसला झोडपणं सोपं आणि अन्यायाचं आहे. त्याचं छोटं वाक्य एकटं वाचायचं नसतं. ते त्या प्रजातीच्या इतर जातींपासून हिला वेगळं काढण्यापुरतंच लिहिलेलं असतं. होलोस्टियममध्ये हृदयाकार पानांची दुसरी कुणी नसेल तर ते वाक्य त्या पुस्तकापुरतं पुरेसं होतं. अडचण ही की निसर्ग त्या पुस्तकाएवढा नव्हता.

खरा आक्षेप घ्यायचा तो वाक्यावर नाही, कप्प्यावर. लिनियसची पद्धत पुंकेसर मोजायची. तीन पुंकेसर आणि तीन कुक्षीवृंत, म्हणून होलोस्टियम एका वर्गात. नेहमीचं चिकवीड त्यानं अल्साइन मीडिया म्हणून पाच पुंकेसरांच्या वर्गात टाकलं. आणि ज्या स्टेलारिया प्रजातीत ते पुढे विलार्सनं आणून बसवलं, ती होती दहा पुंकेसरांच्या वर्गात! एकाच कुलातली, एकमेकांसारखी दिसणारी रोपं तीन वेगळ्या खणांत. आणि ज्या आकड्यावर हे खण उभे, तो आकडाच स्थिर नाही. चिकवीडच्या एकाच रोपावर तुम्हाला तीन पुंकेसरांचं फूल सापडेल आणि पाचाचंही. अभिजालोत दोन, तीन, क्वचित पाचपर्यंत. मी स्वतः सुई आणि भिंग घेऊन मोजले आहेत, एकाच फांदीवर दोनही मिळाले आणि तीनही.

ही पुंकेसरांची गोष्ट लक्षात ठेवा. ती परत येणार आहे.

दोन नावं, दोन मुळं

पुढच्या काळात हे रोप होलोस्टियममधून बाहेर काढलं गेलं. बर्लिनच्या विल्डेनोनं त्यासाठी ड्रायमेरिया हे नाव योजलं होतं. ग्रीकमध्ये 'ड्रायमोस' म्हणजे रान. तो 1812 मध्ये वारला, आणि नाव रीतसर छापलं ते शुल्टेसनं, 1819 मध्ये. म्हणून शास्त्रीय नावामागे जी शेपटी लागते तिच्यात आधी कंसात लिनियस, मग विल्डेनो, मग 'एक्स', मग शुल्टेस अशी तीन माणसं येतात. 'एक्स' म्हणजे सुचवलं एकानं, छापलं दुसऱ्यानं. पेपरमध्ये ही शेपटी आपण डोळे झाकून कॉपी-पेस्ट करतो. खरं तर ती त्या नावाची वंशावळ आहे.

दरम्यान जगाच्या दुसऱ्या टोकाला, जावा बेटावर, ब्लूमनं एका रोपाचं वर्णन केलं आणि 1825 मध्ये त्याला नाव दिलं ड्रायमेरिया डायअँड्रा. डायअँड्रा म्हणजे दोन पुंकेसरांची.

आता चित्र बघा. कॉर्डाटा या नावाचं मूळ अमेरिकेच्या बाजूला, जमैका-सुरिनाममध्ये. डायअँड्रा या नावाचं मूळ जावात. वनस्पतींच्या नावांचा नियम असा आहे की नाव शब्दाच्या अर्थाला बांधलेलं नसतं, एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं. त्या नमुन्याला टाइप म्हणतात. नाव शोभत नाही म्हणून ते रद्दही करता येत नाही. अभिजालोचं पान हृदयापेक्षा रुंद, गोलाकडे किंवा मूत्रपिंडाच्या आकाराकडे झुकणारं असतं, तरी कॉर्डाटा हे नाव चालतं. पुंकेसर तीन निघाले तरी डायअँड्रा चालतं.

म्हणून खरा प्रश्न "पान हृदयाकार आहे का?" हा नाहीच. खरा प्रश्न असा: सिक्कीमच्या बांधावरचं रोप जमैकाच्या रोपाच्या जातीचं, की जावाच्या? आणि ही दोन्ही मुळात एकच आहेत का?

एकत्र करणारे आणि वेगळं करणारे

भारतात आपण ज्या मोठ्या ग्रंथाकडे आधी धावतो तो 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'. त्याच्या पहिल्या खंडात कॅरिओफायलेसी हे कुल एजवर्थ आणि जोसेफ हुकर यांनी लिहिलं, 1870च्या दशकात. तिथे भारतातलं रोप ड्रायमेरिया कॉर्डाटा या एकाच जातीखाली येतं. पुढे आपल्या कित्येक स्थानिक वनस्पतिकोशांनी तीच वाट धरली.

या ग्रंथाबद्दल मला आदर आहे. एवढ्या मोठ्या प्रदेशातल्या वनस्पतींचा हिशेब मांडायचा तर प्रत्येक जातीला चार-सहा ओळींपेक्षा जास्त जागा देता येत नाही. पण त्या शैलीचा एक दुर्गुण आहे, आणि तो आपण वारशात घेतला. अशा वर्णनात शंका दिसत नाही. "ही एकच जात आहे" हे विधान आणि "पानाला देठ आहे" हे विधान एकाच सुरात, एकाच आत्मविश्वासानं येतं. पहिलं मत आहे, दुसरं निरीक्षण. वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात. मग पुढचा माणूस मतालाच निरीक्षण समजून उतरवून घेतो, त्याच्या पुढचाही तेच करतो, आणि शंभर वर्षांनी ते 'सगळ्यांना माहीत असलेलं' होतं.

हे उतरवणं थांबवून कुणीतरी पुन्हा बघायला बसलं ते 1957 मध्ये. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ मिझुशिमा यांनी जपानच्या वनस्पतींवरच्या आपल्या लेखमालेत ड्रायमेरिया कॉर्डाटाचीच नव्यानं तपासणी केली. निष्कर्ष असा की जगभर एकाच नावाखाली जे चाललंय ते एक नाही. आशियातलं रोप वेगळी जात आहे, तिला ब्लूमचं डायअँड्रा हे नाव परत द्या. आणि पॅसिफिकच्या बेटांवरचं रोप कॉर्डाटाचंच, पण वेगळा प्रकार, त्याला त्यांनी 'पॅसिफिका' म्हटलं. हवाईच्या वनस्पतींच्या याद्यांत हे नाव तुम्हाला दिसेल.

चारच वर्षांनी, 1961 मध्ये, अमेरिकेच्या जेम्स ड्यूक यांनी संपूर्ण ड्रायमेरिया प्रजातीचा आढावा मिसुरी बोटॅनिकल गार्डनच्या नियतकालिकात छापला. ही प्रजाती बहुतांशी अमेरिका खंडातली, त्यातही मेक्सिकोत तिची गर्दी. ड्यूक यांनी ती सगळी समोर मांडली, आणि शीर्षकातच 'प्राथमिक' असा शब्द घातला. हा एक शब्द मला फार आवडतो. आशियातल्या रोपाला पुढे कॉर्डाटाची उपजात म्हणून जे नाव मिळालं, 'कॉर्डाटा उपजात डायअँड्रा', त्यामागे ड्यूक यांचंच नाव लागतं. भारतातल्या बऱ्याच याद्या आज हेच नाव वापरतात.

म्हणजे एकाच रोपाची तीन उत्तरं झाली. एक: सगळं कॉर्डाटाच. दोन: आशियातली डायअँड्रा ही स्वतंत्र जात. तीन: वेगळी आहे, पण उपजातीपुरती.

मग बरोबर कोण?

इथे मला पक्ष घ्यायला हवा, नाहीतर हे परीक्षण कसलं.

एकत्र करणाऱ्यांच्या बाजूनं एक वजनदार मुद्दा आहे. प्रजातीचं घर अमेरिका. आशियातलं रोप तिकडूनच आलं असेल, आणि चिकट फळं बघता ते सहज शक्य आहे, तर कोलंबसानंतरच्या दोन-तीनशे वर्षांत जावात नवी जात तयार झाली असं मानणं जड जातं. दुसरा मुद्दा, ज्या लक्षणावरून डायअँड्राला नाव मिळालं ते म्हणजे पुंकेसरांची संख्या, आणि ती तर एका फांदीवरही टिकत नाही. लिनियसला ज्या आकड्यानं दगा दिला त्याच आकड्यावर आपण पुन्हा भिस्त ठेवावी का?

तरीही मला मिझुशिमांचं काम जास्त मोलाचं वाटतं. त्यांचा निष्कर्ष मी मान्य करते म्हणून नाही. तो अजून मला पुरता पटलेला नाही. पण त्यांच्यामुळे आपल्याला एक प्रश्न मिळाला, जो तपासून बघता येतो. "आशियातलं रोप वेगळं आहे" हे विधान चुकीचं ठरू शकतं. कुणीही जमैकाचे आणि जावाचे नमुने शेजारी ठेवून, बिया मोजून, डीएनए तपासून ते खोडून काढू शकतो. "सगळं एकच, जगभर पसरलेलं तण" या विधानाला मात्र कुणी हातच लावत नाही, कारण त्यात बघायला काही उरलंय असं वाटतच नाही. ज्या वर्णनाशी भांडता येतं ते चांगलं वर्णन, ही माझी साधी कसोटी आहे. ड्यूक यांचं 'प्राथमिक' हा शब्द घालणंही याच कसोटीवर मला चांगलं वाटतं.

आणि ज्याला वाटतं की असे जुने प्रश्न उकरून काही होत नाही, त्यानं या कुलाच्या वरच्या पातळीवर काय झालं ते बघावं. कॅरिओफायलेसीची पूर्वी तीन उपकुलं मानत. उपपर्णं असलेल्या प्रजाती एका उपकुलात, पॅरोनिकिऑइडीमध्ये. ड्रायमेरिया तिथेच होती, आणि चिकवीड दुसरीकडे. 2006 आणि 2010 मधल्या डीएनएवरच्या अभ्यासांनी दाखवलं की उपपर्णांची ही मंडळी एका वंशाची नाहीतच. कुलाच्या वंशवृक्षात बुंध्यापाशी एकामागून एक फुटलेल्या त्या वेगवेगळ्या फांद्या आहेत, आणि चिकवीडसारख्या उपपर्ण नसलेल्या सगळ्या नंतरच्या शेंड्याकडच्या एका मोठ्या फांदीवर. मग उपकुलं सोडून नवी गटवारी आली.

याचा आपल्यापुरता अर्थ असा: अभिजालो आणि चिकवीड हे 'भाऊ' नाहीत. एकाच आडनावाचे लांबचे भाऊबंद म्हणा फार तर. मॅडमनी भिंगातून शोधलेलं ते केसाएवढं उपपर्ण हे बारीकसं लक्षण वाटलं होतं. प्रत्यक्षात ते दोन्ही वाटा फार पूर्वी वेगळ्या झाल्याची खूण निघालं.

नाव चुकलं तर कुणाचं काय बिघडतं?

हा प्रश्न मला माझ्या लॅबमधल्या मित्रानं विचारला. "रसायन तेच ना? नाव काही का असेना!"

बिघडतं ते असं. 1990च्या दशकात भारतात या रोपाच्या मिथेनॉल अर्काची उंदरांवर खोकल्यासाठी चाचणी झाली. तो पेपर ड्रायमेरिया कॉर्डाटा या नावानं आहे. 2004 मध्ये तैवानच्या संशोधकांनी एक नवं अल्कलॉइड वेगळं केलं, एचआयव्हीविरुद्ध प्रयोगशाळेतल्या पेशींवर परिणाम दाखवणारं, आणि त्याला नाव दिलं ड्रायमॅरिटिन. त्या पेपरमध्ये रोपाचं नाव आहे ड्रायमेरिया डायअँड्रा. आता तुम्ही माझ्यासारखे नवखे असाल आणि फक्त 'कॉर्डाटा' टाकून शोध घेत असाल, तर तैवानचं काम तुमच्यापर्यंत येणारच नाही असं होऊ शकतं. माझ्या पहिल्या साहित्य-आढाव्यात ते नव्हतंच. मी दोन पानं भरून लिहिलं होतं की या रोपातल्या अल्कलॉइडवर फारसं काम नाही. काम होतं, दुसऱ्या नावाखाली.

उलटंही होतं. दोन्ही नावं एकच मानून सगळे निष्कर्ष एका तक्त्यात कोंबले, आणि पुढे ती दोन वेगळी रोपं निघाली, तर तो तक्ता म्हणजे माझ्या मिसळ पिशवीचाच मोठा अवतार.

याच ड्रायमॅरिटिनची पुढची कथा फार बोलकी आहे. तो रेणू छापला गेल्यावर काही वर्षांतच म्युनिकच्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्याची रचना चुकीची सांगितली होती. छापलेली रचना प्रयोगशाळेत तयार करून तिचे वर्णपट मूळच्याशी ताडले तर ते जुळेनात. मग खरी रचना शोधली गेली आणि दुरुस्ती छापून आली. किती सुंदर! रेणूचं वर्णन इतकं नेमकं होतं की ते चूक आहे हे सिद्ध करता आलं. ज्या रोपातून तो रेणू काढला, त्याचं वर्णन मात्र आपल्या क्षेत्रातल्या पेपरांत बहुतेक वेळा एका वाक्याचं असतं: अमुक ठिकाणाहून गोळा केलं, अमुक तज्ज्ञांनी ओळखलं, नमुना क्रमांक अमुक. कशावरून ओळखलं? उपपर्ण पाहिलं का? फुलं होती का? काही नाही. लिनियसनं निदान पानाचा आकार तरी सांगितला होता.

आणि एक गंमत सांगते. ड्रायमेरियाचा आढावा लिहिणारे तेच जेम्स ड्यूक पुढे अमेरिकेच्या कृषी विभागात औषधी वनस्पतींचे मोठे जाणकार झाले. कोणत्या वनस्पतीत कोणती रसायनं सापडली याचा त्यांनी उभा केलेला डेटाबेस आजही आमच्यासारखे लोक रोज उघडतात. तो चालतो कशावर? वनस्पतीच्या नावावर. ज्यानं एका तणाच्या नावासाठी शेकडो सुकी रोपं चाळली, त्याला त्या रकान्याचं वजन ठाऊक असणार. आपण तो रकाना भरताना ते विसरतो.

मी काय बदललं

उपदेश करून निघून जाणं बरं दिसत नाही, म्हणून स्वतःचं सांगते.

दुसऱ्या खेपेला मी गेले ती भिंग गळ्यात अडकवून. प्रत्येक मूठ पिशवीत टाकण्याआधी तीन गोष्टी बघितल्या: उपपर्ण, पानाच्या बुडापासून निघणाऱ्या शिरा, खोडावर केसांची ओळ नाही ना. त्यातही एक धडा मिळाला. सिक्कीम-दार्जिलिंगच्या बाजूला आणखी एक ड्रायमेरिया सापडते, ड्रायमेरिया व्हिलोसा. तीही मूळची अमेरिकेतली, अंगावर मऊ केस असलेली. उपपर्ण बघून "चला, अभिजालो!" म्हणाल तर तिथेही फसाल. एका लक्षणावर विसंबू नये हे पुन्हा शिकले. ज्या आजींच्या बांधावरून मी गोळा करत होते त्यांना विचारलं, "आमा, ही केसाळ पण चालते का वाफाऱ्याला?" त्यांनी पान बोटांत चोळलं, वास घेतला आणि टाकून दिलं. त्यांचं वर्णन कुठल्याही ग्रंथात नाही, पण परीक्षा माझ्यापेक्षा कडक होती.

प्रबंधात आता रोपाच्या ओळखीला एका वाक्याऐवजी दीड पान आहे. त्यात मी पाहिलेलं आणि मी मानलेलं वेगवेगळं लिहिलंय. पाहिलेलं: उपपर्णं, शिरा, चिकट देठ, दोन किंवा तीन पुंकेसर, तीन फाकांचं बोंड. मानलेलं: मी कॉर्डाटा हे नाव व्यापक अर्थानं वापरते, डायअँड्रा त्यातच धरते, आणि का धरते. साहित्याचा शोध दोन्ही नावांनी घेतलाय, आणि तक्त्यात कुठला निष्कर्ष कुठल्या नावाखाली छापला होता त्याचा वेगळा रकाना आहे. उद्या कुणी मिझुशिमांचं बरोबर ठरवलं तर माझा तक्ता फाडावा लागणार नाही, रेघ मारून दोन भाग केले की झालं.

गाइड म्हणाले, "रसायनशास्त्राच्या प्रबंधात एवढं वनस्पतिशास्त्र कशाला?" मी त्यांना ती जुनी चिकवीडची शीट दाखवली. ती मी टाकलेली नाही. लेबलवर माझ्याच अक्षरात 'ड्रायमेरिया कॉर्डाटा' आहे. त्यावर एक रेघ, आणि खाली दुसऱ्या शाईत योग्य नाव आणि दुरुस्तीची तारीख. हर्बेरियममध्ये जुनं लेबल काढून फेकत नाहीत, त्याच्याजवळ नवं लावतात, म्हणजे पुढच्या माणसाला चूकही दिसते आणि दुरुस्तीही. ते शीटकडे बघत राहिले, मग म्हणाले, "राहू दे दीड पान."

तुमच्या अंगणात, कुंडीत, बांधावर असं गोल पानांचं, पांढऱ्या चिरलेल्या पाकळ्यांचं तण दिसलं तर फोटो काढून अ‍ॅपला विचारण्याआधी एकदा पानाच्या बगलेत भिंगानं बघा. आणि काय दिसलं ते मला जरूर कळवा.